फ्रीज चालतो, रुसतो, परत चालतो आणि मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला

जुलै लागला की मला जे मेसेज येतात ना, त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच जागी येऊन पडतात, ती म्हणजे फ्रीजच्या पायपात शिरलेलं पाणी. लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं, तो लिहितो कूलिंग होत नाही, गॅस टिकत नाही, कॉम्प्रेसर बदलायला सांगितलाय. म्हणून या वेळी तसले सगळे प्रश्न एकत्र घेतलेत. नावं नेहमीसारखी काढलीत, गाव ठेवलंय.

डोंबिवलीहून एक ताई विचारतात : आमचा सिंगल डोअर फ्रीज, सहा वर्षांचा. जूनमध्ये गॅस गेला म्हणून भरून घेतला. त्या संध्याकाळी मस्त बर्फ धरला, सकाळी बघते तर दूध नासलेलं. मशीन चालूच होतं. वैतागून बंद केला, रात्री परत लावला तर तीन तास झकास चालला आणि परत तेच. आता मेकॅनिक म्हणतोय कॉम्प्रेसर वीक झालाय, नवा टाका. टाकू का?

उत्तर : ताई, थांबा, पैसे देऊ नका अजून. जो कॉम्प्रेसर खरंच गेलाय तो दिवसभर झोप काढून रात्री बरा होत नाही. तुम्ही जे लिहिलंय, चालतो, थांबतो, बंद ठेवला की परत चालतो, याला आमच्या धंद्यात मॉइश्चर चोक म्हणतात, म्हणजे आत पाणी गेलंय आणि ते गोठून वाट अडवतंय.

कसं होतं सांगतो. फ्रीजच्या मागे ड्रायर असतो, गॅसमधलं पाणी शोषून घेणारी तांब्याची बोटाएवढी जाड नळकांडी, तिथून फ्रीजरपर्यंत एक बारीक नळी जाते, तिला कॅपिलरी म्हणतात. तिचं आतलं भोक पाऊण मिलिमीटरच्या आसपास. मुलं पेन्सिलीत ते 0.7 चं शिसं घालतात ना, तेवढं. द्रव झालेला गॅस त्यातून रेटत रेटत येतो आणि फ्रीजरच्या तोंडाशी मोकळा होतो, तिथे प्रेशर पडतं, गॅस उकळायला लागतो आणि टेम्परेचर एकदम उणे 20-25 वर जातं. आता या गॅसबरोबर पाण्याचा अंश फिरत असेल तर तो बरोबर त्याच तोंडाशी गोठणार, दुसरीकडे कुठे नाही, कारण बाकी सगळीकडे एकतर गरम आहे नाहीतर वाट रुंद आहे. कण कण जमतो आणि दोन-तीन तासांत पेन्सिलीच्या शिशाएवढ्या भोकाला बूच बसतं. गॅस पुढे जात नाही, कूलिंग बंद. तुम्ही फ्रीज बंद केलात की तो कण वितळतो, बूच सुटतं, परत चालू. पाणी कुठे गेलेलं नसतं, ते आतच आहे, त्यामुळे परत तीन तासांनी तेच.

ओळखायचं कसं, तर फ्रीज रुसला असेल तेव्हाच मेकॅनिकला बोलवा, बंद करून ठेवू नका. तो आला की आधी फ्रीजच्या बाजूच्या पत्र्याला नाहीतर मागच्या जाळीला हात लावून बघा, थंड पडलेली असेल, कारण गॅस फिरतच नाहीये, आणि कॉम्प्रेसरचा आवाज हलका, नुसता फिरल्यासारखा. मग फ्रीजरचं कव्हर काढून कॅपिलरी जिथे आत शिरते त्या जागेवर गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं धरायला सांगा. कान जवळ ठेवा. मिनिट-दोन मिनिटांत आधी एक फुस्स आणि मग सूं करून गॅस सुटल्याचा आवाज आला तर शंभर टक्के पाणी. कितीही शेकलं तरी आवाज नाही तर कचरा नाहीतर ऑइल अडकलेलं असू शकतं, तो वेगळा चोक, तो गरम केल्यावर सुटत नाही. आणि एक, तुमच्या कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असेल तर आत आर-600ए आहे, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या लायटरमध्ये असतो त्याच जातीचा. तिथे लायटर, टॉर्च, मेणबत्ती काहीही धरू द्यायचं नाही, फडकंच. मी स्वतः बघितलंय लोकांना त्या नळीवर ज्वाळा मारताना, अंगावर काटा येतो.

पाणी गेलं कुठून? जूनमध्ये सिस्टीम उघडली तेव्हाच. पावसाळ्यात 30 डिग्रीला 90 टक्के ह्युमिडिटी असेल तर एक घनमीटर हवेत जवळपास 27 ग्राम पाणी असतं. फ्रीजच्या पायपा, कॉइल, कॉम्प्रेसरचा डबा सगळं मिळून आत चारेक लिटर जागा धरा, म्हणजे 0.1 ग्रामच्या आसपास पाणी, दोन थेंब फक्त. ऐकायला काहीच नाही, पण तुमच्या फ्रीजमध्ये गॅसच साधारण 50 ग्राम असतो, त्यात 0.1 ग्राम म्हणजे दहा लाखात 2000 भाग, आणि चालतात ते शंभराच्याही आत. तेव्हा मेकॅनिकला एवढंच विचारा, की बाबा ड्रायर नवीन टाकलास का, आणि व्हॅक्युम, म्हणजे गॅस भरायच्या आधी आतली हवा आणि वाफ ओढून काढणं, ते किती वेळ मारलास. दुसऱ्या प्रश्नावर तो इकडेतिकडे बघायला लागला तर समजून जा. काम परत करायला लागेल, गॅस काढून, नवा ड्रायर, नीट व्हॅक्युम, मग वजनावर गॅस. कॉम्प्रेसर तोच राहील.

हडपसरहून एक मेकॅनिक विचारतात : सर, मी बारा वर्षं काम करतोय. व्हॅक्युम मी जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरने मारतो, वीस मिनिटं. गेजचा काटा 28 वर जातो आणि तिथेच राहतो, 30 कधी येतच नाही. पावसाळ्यात दहातले एक-दोन फ्रीज परत येतात. पंप घ्यायचा तर खर्च आहे, खरंच फरक पडतो का?

उत्तर : भाऊ, खरं लिहिलंत म्हणून बरं वाटलं, बाकीचे सांगतात आमचा एकही परत येत नाही.

आधी तुमचा 28 चा घोळ काढू. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे. समुद्राकाठी हवेचं प्रेशर 760 मिलिमीटर पारा, म्हणजे 29.92 इंच, पुण्यात ते भरतं 28 च्या आसपास. गेजचा शून्य म्हणजे तुमच्या दुकानातली हवा, त्यामुळे पुण्यात अगदी शंभर नंबरी व्हॅक्युम मारला तरी काटा 28 च्या पुढे जाणारच नाही, कारण काढायला हवाच तेवढी आहे. मुंबईचा मेकॅनिक 30 म्हणतो आणि तुम्ही 28, दोघंही बरोबर असू शकता. आणि दोघंही चुकीचे असू शकता, खरी गंमत इथे आहे.

पाणी काढायचं म्हणजे ते आतल्या आत उकळून वाफ करून ओढायचं. 25 डिग्रीला पाणी उकळायला प्रेशर 23.8 मिलिमीटरच्या खाली जायला लागतं. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. म्हणजे बघा, काटा 27 वर येईपर्यंत तुम्ही नुसती हवा काढलीत, पाण्याला अजून हातही लागलेला नाही, ते आत आरामात बसलंय. सगळा खेळ शेवटच्या एका इंचात आहे आणि त्या इंचात साध्या गेजचा काटा केसभर हलतो, त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून मायक्रॉन गेज लागतं. एक मिलिमीटरचे 1000 मायक्रॉन, आपल्याला 500 च्या खाली जायचंय. तुमचा 28 हा 500 मायक्रॉनसुद्धा असू शकतो आणि 10,000 सुद्धा, काटा दोन्हीला तोच.

जुना फ्रीजचा कॉम्प्रेसर हवा काढतो ते ठीक, पण शेवटचा इंच त्याच्या आवाक्यातला नाही. शिवाय त्याचं ऑइल कधी बदललं? ओढलेली वाफ त्याच ऑइलमध्ये जाऊन बसते आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या फ्रीजला तुम्ही ओलं ऑइल जोडता. टू स्टेज रोटरी पंप घ्या, त्याला गॅस बॅलास्टचा नॉब असतो, पहिली काही मिनिटं तो उघडा ठेवायचा म्हणजे वाफ पंपातच पाणी होऊन बसत नाही. पंपाचं ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं की ओतून द्या, पावसाळ्यात तर दर दोन-चार कामांनी बघायचं. आणि कृपा करून फ्रीजचा स्वतःचा कॉम्प्रेसर चालवून व्हॅक्युम मारू नका, खोल व्हॅक्युममध्ये आतली मोटर चालवणं म्हणजे वाइंडिंग जाळायला आमंत्रण.

किती वेळ, हा प्रश्न मी आता घड्याळावर सोडतच नाही. 500 च्या खाली गेला, पंपाचा वॉल्व्ह बंद केला आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसलो. आकडा चढत चढत थेट वर जातो आणि थांबतच नाही तर लीक आहे. चढतो आणि दीड-दोन हजारावर जाऊन बसतो, पुढे हलत नाही, तर आत पाणी आहे आणि ते अजून वाफ होतंय. जागचा फारसा हलला नाही तर गॅस भरा. ही दहा मिनिटं कुणी देत नाही, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, मान्य आहे, पण परत आलेल्या फ्रीजला अर्धा दिवस जातो.

अजून दोन गोष्टी, त्या पुस्तकांत असतात पण हाताला लागायला वेळ लागतो. एक, नुसत्या प्रोसेस ट्यूबमधून, म्हणजे कॉम्प्रेसरच्या गॅस भरायच्या नळीतून, व्हॅक्युम मारला की कंडेन्सरकडची, म्हणजे मागच्या जाळीकडची बाजू त्या 0.7 च्या कॅपिलरीतून रिकामी व्हायची वाट बघते, ती लवकर होत नाही. दोन तोंडाचा ड्रायर लावा आणि दोन्हीकडून ओढा. दुसरं, आत पाणी जास्त असेल तर पंप जोरात ओढल्यावर ते उकळता उकळता स्वतःच थंड होतं आणि 4.6 मिलिमीटरला आलं की शून्य डिग्रीला गोठतं, म्हणजे पाणी काढायला निघालो आणि बर्फ करून बसलो. मग मायक्रॉन गेज छान आकडा दाखवतं, तुम्ही खूश, आणि दोन तासांनी बर्फाची परत वाफ. म्हणून मध्ये व्हॅक्युम तोडून कोरडा नायट्रोजन सोडायचा, परत ओढायचं, असं तीनदा. जुना गॅस पूर्ण बाहेर गेल्याची खात्री असेल तर कॉम्प्रेसरच्या डब्याजवळ 100 चा बल्ब लावून ठेवा, ऑइलमधलं पाणी सुटायला मदत होते. प्रेशर टेस्टला पण नायट्रोजनच, टायरवाल्याची हवा नाही, ती ओलीच असते, आणि ऑक्सिजन तर अजिबात नाही, ऑइलला ऑक्सिजन प्रेशरने लागला की स्फोट होतो.

हो, आणि फ्रीज गार असताना कापू नका. आतली कॉइल उणे असते, कापलं की बाहेरची दमट हवा आत जाऊन तिच्यावर दव धरते, थंड सरबताच्या ग्लासाला बाहेरून धरतं तसं, फक्त इथे ते आतून धरतं. तासभर दार उघडं टाका, खोलीच्या टेम्परेचरला येऊ द्या, तोवर चहा घ्या.

रत्नागिरीहून एक काका विचारतात : सौभाग्यवतींनी फ्रीजरमधला बर्फ सुरीने काढला, फस्स आवाज आला. त्यांनी घाबरून मला सांगितलंच नाही, फ्रीज दोन दिवस तसाच चालू होता. आता मेकॅनिक म्हणतो कॉइल, ड्रायर, कॉम्प्रेसरचं ऑइल सगळं बदला. एका भोकाला एवढं? फसवतोय का?

उत्तर : काका, नाही फसवत, आणि वहिनींना रागावू नका, महाराष्ट्रात दर घरात एक अशी सुरी आहे.

आर-600ए वाल्या फ्रीजची एक खोड असते. हा गॅस हवेच्या प्रेशरला उणे 11.7 डिग्रीला उकळतो. फ्रीजरची कॉइल त्याहून खूप थंड ठेवायची, उणे 25 वगैरे, तर आतलं प्रेशर हवेच्या निम्म्यापेक्षा जरासंच जास्त ठेवायला लागतं. म्हणजे चालू फ्रीजच्या फ्रीजर कॉइलमध्ये कायम व्हॅक्युम असतो. भोक पडल्यावर पहिल्यांदा फस्स झालं ते ठीक, पण पुढे मशीन चालत राहिलं की ते भोक गॅस बाहेर टाकत नाही, बाहेरचं आत ओढतं. आणि बाहेर काय होतं? सुरीने अर्धवट काढलेल्या, वितळत असलेल्या बर्फाचं पाणी. दोन दिवस तुमचा फ्रीज त्या भोकातून स्ट्रॉने प्यायल्यासारखा पाणी प्यायलाय. मगाशी डोंबिवलीच्या ताईंना दोन थेंबांचा हिशेब दिला, तुमच्याकडे चमचे भरतील. एवढं पाणी ड्रायर धरू शकत नाही, ते कॉम्प्रेसरच्या ऑइलच्या खाली जाऊन बसतं आणि कितीही व्हॅक्युम मारला तरी लवकर निघत नाही. म्हणून ऑइल बदला म्हणतोय तो माणूस कामाचा आहे. मी असा एक कॉम्प्रेसर पालथा करून बघितला होता, आधी दुधट पाणी आलं, मग ऑइल. तसं दिसलं तर मी स्वतः तो कॉम्प्रेसर परत बसवत नाही, आतून गंज धरलेला असतो.

पुढच्या वेळेला, म्हणजे येऊच नये पण आलीच, फस्स ऐकू आलं की पहिलं काम भिंतीवरचं बटण बंद. फ्रीजचं दार उघडं, खिडक्या उघड्या, गॅसची शेगडी, देवाजवळचा दिवा काही पेटवायचं नाही, गॅस जळणारा आहे. तेवढ्यावर थांबलात तर नुसतं भोक बुजवून किंवा कॉइल बदलून, ड्रायर टाकून भागतं. सुरीऐवजी गरम पाण्याचं भांडं फ्रीजरमध्ये ठेवा, दार लावा, अर्ध्या तासात बर्फ सुटून येतो.

लातूरहून, दुकानात शिकणारा एक मुलगा विचारतो : सर, आमचे शेठ जुना ड्रायर टॉर्चने लाल करून परत लावायला सांगतात. म्हणतात पाणी उडून जातं. चालतं का?

उत्तर : नाही रे बाबा. ड्रायरच्या आत जे मणी असतात त्याला मॉलिक्युलर सीव्ह म्हणतात, त्याला इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्याचा रेणू आत मावतो, गॅसचा मावत नाही. स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी धरतात हे मणी. ते सुटायला सगळ्या मण्यांना 250 डिग्रीच्या वर बराच वेळ तापवून, वर कोरडी हवा नाहीतर नायट्रोजन फिरवायला लागतो. टॉर्चने बाहेरचं तांबं लाल होतं, आतले अर्धे मणी जळतात, अर्धे तसेच राहतात, आणि गार होताना ते दुकानातली दमट हवा परत ओढून घेतात. शेठना सांग, ड्रायरची किंमत एका वडापाव पार्टीची आहे.

तू मात्र हे शिकून घे. जुना ड्रायर टॉर्चने सोडवायचा नाही, ट्यूब कटरने कापायचा, कारण तापवलास की त्याने धरलेलं पाणी सोडून तो पायपातच ढकलतो. नव्याची दोन्ही टोकांची टोपणं अगदी शेवटी काढायची, आधी बाकीची सगळी जोडणी, कॅपिलरी कापून साफ, मगच ड्रायर उघडायचा. सकाळी टोपण काढून टेबलावर ठेवलेला ड्रायर दुपारपर्यंत भरलेला असतो, लातूरलासुद्धा, कोकणात तर विचारू नकोस. बसवताना कॅपिलरीचं तोंड खाली, आणि कॅपिलरी आत एवढी खुपसायची नाही की जाळीला टेकेल. सेंटिमीटरभर पुरे.

कोल्हापूरहून एक जुने मेकॅनिक लिहितात : आमच्या वेळी चोक झाला की मिथाईल अल्कोहोलचे चार थेंब मारायचो, फ्रीज वर्षानुवर्षं चालायचा. आता तुम्ही लोक उगीच व्हॅक्युमचं स्तोम माजवता.

उत्तर : दादा, मीही मारलेत. माझ्या उमेदवारीत उस्तादाच्या पेटीत ती बाटली असायचीच आणि ती बाहेर निघाली की आम्हाला जादू बघितल्यासारखं वाटायचं. काम करायची ती, कारण पाणी अल्कोहोलमध्ये मिसळलं की शून्याला गोठत नाही. पण पाणी आतच राहतं दादा, फक्त गोठत नाही. ते आर-12 चे, म्हणजे जुन्या सीएफसी गॅसचे दिवस, कॉइल भक्कम, कॉम्प्रेसर दणकट. 2008 च्या ऑगस्टमध्ये भारतात सीएफसीचं उत्पादन बंद झालं, तो गॅस गेला, आता कॉइल अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि मिथाईल अल्कोहोल अ‍ॅल्युमिनियम खातं, मोटरच्या वाइंडिंगच्या इन्सुलेशनलाही लागतं. नंतर आलेल्या आर-134ए गॅसबरोबर कॉम्प्रेसरमध्ये जे पीओई ऑइल येतं ते तर हवेतलं पाणी मिठासारखं ओढतं आणि गरम झाल्यावर पाण्याशी मिळून अ‍ॅसिड करतं. त्या ऑइलचा डबा उघडा ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत वाया. बाटली आठवण म्हणून ठेवा, पेटीत नको.

अकोल्याहून एक ताई विचारतात : फ्रॉस्ट फ्री डबल डोअर आहे. वर बर्फ होतो, खाली भाज्या गरम. एक दिवस बंद ठेवला की आठ-दहा दिवस छान चालतो. हा पण मॉइश्चर चोकच ना?

उत्तर : नाही ताई, आणि इथेच पुष्कळ लोक फसतात, कारण बंद ठेवला की बरा होतो हे दोन्हीकडे सारखंच दिसतं. तुमच्या फ्रीजमध्ये बर्फ पायपाच्या बाहेर होतोय. फ्रॉस्ट फ्रीला फ्रीजरच्या मागच्या पॅनलच्या आड कॉइल असते आणि दर काही तासांनी एक हीटर लागून तिच्यावरचा बर्फ वितळवतो. हीटर, बायमेटल, फ्यूज नाहीतर टायमर, यातलं एक गेलं की बर्फ साठत जातो, पंख्याची वाट बुजते आणि खाली हवा येत नाही. खूण अशी, की मॉइश्चर चोकमध्ये वर-खाली दोन्हीकडचं कूलिंग जातं आणि ते काही तासांत होतं, तुमच्यासारखं वर बर्फ आणि खाली गरम आणि आठ दिवसांनी असेल तर डीफ्रॉस्टचं काम आहे. कुणालाही गॅस काढू देऊ नका. चांगली बंद असलेली सिस्टीम उगाच उघडली तर आज नाही ते पाणी उद्या आत जाईल. दाराचं रबर पण बघा, कागदाचा तुकडा दारात धरून ओढा, सहज निघाला तर तिथून दमट हवा जातेय.

ठाण्याहून : एसीच्या कॉइलवर बर्फ चढतो, यालाही व्हॅक्युम नीट नाही असं म्हणायचं का?

उत्तर : फिल्टर धुतला का आधी? मग ब्लोअर, मग गॅस कमी आहे का. तो हवेतला बर्फ आहे, बाहेरचा. एसीची कॉइल नीट चालत असताना शून्याच्या वरच असते, त्यामुळे आत पाणी असलं तरी सहसा गोठून चोक होत नाही, पण म्हणून व्हॅक्युम सोडून चालत नाही हां, ते पाणी गुपचूप अ‍ॅसिड करत बसतं आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर जळतो, तेव्हा मेकॅनिक व्होल्टेजला शिव्या देतो.

नाशिकजवळून एक द्राक्ष बागायतदार विचारतात : आमच्या कोल्ड रूमच्या पायपावर काचेचा डोळा आहे, त्यात मध्ये ठिपका असतो. सर्व्हिसनंतर हिरव्याचा पिवळा झालाय. सर्व्हिसवाला म्हणतो चालतं. सीझन तोंडावर आहे.

उत्तर : नाही चालत. तो ठिपका नुसता शोभेचा नाही, हिरवा म्हणजे कोरडं, पिवळा म्हणजे आत पाणी. रंग बदलायला वेळ लागतो म्हणून सर्व्हिसनंतर एक दिवस चालवून बघा, तरीही पिवळाच राहिला तर ड्रायरचा कोअर, म्हणजे आतला पाणी शोषणारा गाभा, बदलायला लावा. द्राक्षाची रूम शून्याच्या आसपास ठेवायची म्हणजे आतली कॉइल त्याच्याखाली पाच-सात डिग्री चालणार, तिथे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (फ्रीजमध्ये जे काम कॅपिलरी करते ते इथे हा करतो) सुईवर बर्फ धरणारच. व्हॉल्व्ह कधी अडकेल, कधी सुटेल, टेम्परेचर झोके खाईल, आणि सर्व्हिसवाला रात्री दोनला येऊन व्हॉल्व्ह खराब म्हणून बदलून देईल. व्हॉल्व्ह अडकलाय की गोठलाय, हे त्याच गरम फडक्याने कळतं, पाच मिनिटांचं काम. मोठ्या सिस्टीममध्ये एका कोअरने भागत नाही कधी कधी, पहिला टाकायचा, दोन दिवस चालवायचं, ठिपका बघायचा, अजून पिवळट असेल तर दुसरा. माल भरायच्या आधी हे सगळं उरका, माल आत असताना सिस्टीम उघडायची वेळ आणू नका.

हर्णैहून बर्फ कारखान्यातले एक ऑपरेटर विचारतात : आमच्याकडे अमोनिया आहे, चाळीस वर्षांचा प्लांट, समुद्रापासून हाकेवर, आणि हा तुमचा चोक आम्ही कधी बघितलाच नाही. आमचं नशीब की काय?

उत्तर : नशीब नाही, अमोनियाचा स्वभाव. त्याला पाणी इतकं आवडतं की ते त्याच्यात विरघळून जातं आणि त्या मिश्रणाचा गोठणबिंदू तुमच्या प्लांटच्या टेम्परेचरच्या कितीतरी खाली असतो, म्हणून सुईवर बर्फ होत नाही. आयसोब्युटेन आणि जुना आर-12 यांना पाणी अजिबात मानवत नाही, ते बाजूला टाकतात, म्हणून तिथे गोठतं. पण तुमच्याकडे पाणी येतच नाही असं समजू नका, येतं आणि कळत नाही. अमोनियात पाणी साठत गेलं की तेवढ्याच प्रेशरला तो आधीसारखा थंड उकळत नाही, मग ब्राइन, म्हणजे लाद्यांभोवतीचं खारं पाणी, तेवढं थंड करायला सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरच्या ओढायच्या बाजूचं प्रेशर, अजून खाली ओढायला लागतं, लादी धरायला जास्त तास लागतात, बिल वाढतं आणि सगळे म्हणतात प्लांट म्हातारा झाला. मागच्या दोन-तीन वर्षांत सक्शन किती ठेवायचात आणि आता किती ठेवता, लॉगबुक काढून एवढं बघून कळवाल का? ब्राइनच्या टाकीतली कॉइल कुठे झिरपतेय का तेही बघा, प्लांट बंद करून सक्शन व्हॅक्युममध्ये ठेवायची सवय असेल तर पाणी तिथूनच आत येत असणार.